भुलीतल्या हाताचा कौल

ओफेलिया ब्राकामोंतेचा धंदा माणसांना बेशुद्ध करण्याचा. टूसॉनमधल्या एका मोठ्या इस्पितळात ती भूलतज्ज्ञ होती, आणि निम्मं शहर कधी ना कधी तिच्या हाताखालून झोपून उठलेलं होतं. बाजारात टोमॅटो निवडताना एखादी बाई ओळखीचं हसून विचारायची, "डॉक्टर, माझ्या गुडघ्याच्या वेळी तुम्हीच होतात ना?" ओफेलिया मान डोलवायची. तिला चेहरा आठवत नसे. तो डोळे मिटलेला असता तर कदाचित आठवला असता.

भूल कशी द्यायची हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण भूल दिल्यावर माणूस जातो कुठे, हे तिलाच काय, कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला त्याचं काही वाटत नसे. "दिवा मालवल्यावर उजेड कुठे गेला म्हणून शोधत बसतोस का तू?" असं ती वेंडेलला विचारायची.

वेंडेल स्ट्राऊड मात्र शोधत बसायचा. तो पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. उंच, वाकलेला, शर्टाच्या खिशात कायम तीन पेनं आणि त्यातलं एक गळकं. दर दोन वर्षांनी डोंगराच्या पायथ्याच्या हॉटेलात जाणिवेवरचं संमेलन भरायचं. मेंदूचे डॉक्टर यायचे, तत्त्वज्ञ यायचे, आणि त्यांच्या मागोमाग गळ्यात स्फटिक घातलेले, काशाची थाळी वाजवणारे, मागच्या जन्मी डॉल्फिन असलेले, असे सगळे यायचे. फार वर्षांपूर्वी तिथे वेंडेलचं भाषण चालू असताना ओफेलिया मागच्या रांगेतून उठून म्हणाली होती, "बाकी तुमचं चालू द्या, पण आमच्या औषधांची नावं तरी नीट उच्चारा." त्या दिवसापासून दोघांची मैत्री. दर गुरुवारी संध्याकाळी ट्वेल्थ अॅव्हेन्यूवरच्या गाडीवर बेकन गुंडाळलेले हॉटडॉग खायचे आणि भांडायचं.

"नीट ऐक," वेंडेल म्हणायचा, "मेंदूच्या पेशीच्या आत बारीक नळ्या असतात."

"आल्या तुझ्या नळ्या."

"त्या नळ्यांमध्ये कण एकाच वेळी इथेही असतात आणि तिथेही. दोन्ही शक्यता लटकत राहतात. मग एका क्षणी त्यातली एक ठरते. ते ठरणं म्हणजेच जाणिवेचा एक ठिपका. असे ठिपके जोडत गेले की आपण. आणि तू जो गॅस देतेस ना, तो त्या नळ्यांची थरथर बंद पाडतो. बस्स. माणूस संपला, गॅस बंद केला की पुन्हा सुरू."

"म्हणजे मी भूल देत नाही, प्लंबरचं काम करते."

"हसून घे."

"हसू नको तर काय करू? पुरावा कुठाय, मास्तर? तुमच्या पुंजभौतिकाला उणे दोनशे सत्तरची थंडी लागते. कवटीत सगळं ऊन ऊन आणि ओलं. तिथे कुठली नाजूक थरथर टिकतेय?"

यावर वेंडेल हातातला पाव हलवत एवढ्या जोरात बोलायला लागायचा की त्यातल्या बीन्स शेजारच्याच्या बुटावर पडायच्या.

त्या वर्षी संमेलन तोंडावर आलं आणि वेंडेलच्या पित्ताशयाने दगा दिला. आत खडे होते. दुर्बिणीतून काढायचं, साधं काम. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. वेंडेल खूश झाला.

"ओफेलिया, मी स्वतः नमुना होतो! तुमच्याकडे तो हाताचा अभ्यास चालू आहे ना? त्यात मला घाल."

अभ्यास असा होता. पेशंटला भूल दिल्यावर स्नायू सैल पाडणारं औषध देतात, म्हणजे तो हलू शकत नाही. पण ते औषध देण्याआधी एका हाताला पट्टा घट्ट आवळून ठेवला, तर त्या हातात औषध उतरत नाही. बाकीचं अंग निपचित, हात मात्र मोकळा. मग त्या हातात हात घालून विचारायचं, ऐकू येतंय का, येत असेल तर दाब. बहुतेक जण दाबत नाहीत. थोडे दाबतात. आणि उठल्यावर त्यांना काहीच आठवत नसतं.

"मी दाबणार नाही," वेंडेल म्हणाला. "नळ्या बंद म्हणजे मी नाही. आणि हेच मी संमेलनात सांगणार, स्वतःच्या अनुभवावरून."

"नसल्याचा अनुभव? तो कसा घेतात रे?"

"शब्दात पकडू नकोस."

वेंडेलने रीतसर सह्या केल्या. हे सगळं ठरलं रविवारी, ओफेलियाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. तिची थोरली बहीण चायो तिच्याजवळच राहायची. वेंडेलची बायको हेलन वारल्यापासून दर रविवारी तो या दोघींकडे जेवायला असे, आणि चायो त्याच्यासाठी लाल मिरचीचे तमाले करायची. मक्याच्या सालात गुंडाळलेले, वाफवलेले, आत मांस आणि मिरचीचा दाट रस.

"तुम्ही दोघं शिकलेली आणि एवढं कळत नाही?" चायो म्हणाली. "भूल दिली की आत्मा बाहेर पडतो आणि छताला जाऊन बसतो."

"ताई, ऑपरेशनच्या खोलीत छताला एसी आहे."

"मग गारव्याला बसतो. बरंच आहे की."

वेंडेल प्रयोगाच्या विचारात बुडाला होता. "एक गोष्ट लक्षात ठेव, ओफेलिया. समज, हात हललाच. तरी ती नुसती स्नायूची उचकी असू शकते. म्हणून असा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. तुलाही नाही. नाहीतर हात धरणारा नकळत उत्तर सुचवतो."

"मग विचार त्याला," चायो ताट पुढे सरकवत म्हणाली, "माझे तमाले खरंच आवडतात का. तोंडाने तर वा वा म्हणतो."

सगळे हसले. वेंडेल जरा उशिरा हसला. "याचं उत्तर तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, चायो," तो म्हणाला आणि पाण्याचा पेला रिकामा केला.

शेवटी ओफेलियाने वेगळाच प्रश्न ठरवला होता: लहानपणी घरी कुत्रा होता का. साधा, हो किंवा नाहीचा.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर ग्रॅडी शस्त्रक्रियेला, डनीस अँटोन ही जुनी नर्स मदतीला. वेंडेल टेबलावर पडून शेवटपर्यंत बोलत होता. "मी बारकाईने लक्ष देणार आहे," तो म्हणाला, "नेमक्या कुठल्या क्षणी..." आणि त्याचा जबडा सैल पडला.

ओफेलियाने सगळं नेहमीसारखं केलं. नळी घातली, पट्टा तपासला. कपाळावरच्या पट्टीतून मेंदूचा आकडा, म्हणजे भूल किती खोल आहे ते, पडद्यावर येत होता. आकडा अगदी हवा तिथे होता. आकड्याचं म्हणणं, घरात कोणी नाही.

तिने वेंडेलच्या हातात हात घातला. "वेंडेल, माझं ऐकू येत असेल तर हात दाब."

हात पडून राहिला. डनीसने भुवया उडवल्या, म्हणजे झालं का तुमचं. आणि मग त्या लांबट, शाईचे डाग पडलेल्या बोटांनी ओफेलियाची बोटं दाबली.

या अभ्यासात तिने आधीही हात धरले होते, पण तिच्या हातात अजून कोणी दाब दिला नव्हता. "हो असेल तर दोनदा, नाही असेल तर एकदा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "दुखतंय का?"

एकदा.

"भीती वाटतेय?"

एकदा.

आता कुत्र्याचं विचारायचं होतं. पण कुत्रा तिच्या डोक्यातून साफ पळाला. समोर वेंडेलचा मिटलेला चेहरा, तोंडाला नळी, आणि हातात त्याची ऊबदार, ऐकणारी बोटं. जिभेवर जे होतं तेच तोंडातून निघालं.

"वेंडेल, चायोचे तमाले तुला आवडतात का?"

बराच वेळ काही नाही. ग्रॅडी हातात दुर्बीण धरून थांबला होता. मग बोटं वळली. एकदा. आणि सैल पडली. दुसऱ्यांदा वळली नाहीत.

डनीस मास्कच्या आत फसकन हसली. ओफेलिया हसली नाही. तिने ताबडतोब औषध वाढवलं आणि पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं, पण हात आता नुसता हात होता. मग ग्रॅडीने सुरी मागितली.

दुपारी वेंडेल उशीला टेकून बसला होता. शुद्धीवर येताच त्याचा पहिला प्रश्न, "नाही दाबला ना?"

"दाबलास."

"उचकी असेल."

"दुखत नाही म्हणालास. भीती नाही म्हणालास. अगदी सभ्यपणे, एकेकदा."

"एकेकदा तर उचकीही लागते! मला काही आठवत नाही, ओफेलिया. मी 'कुठल्या क्षणी' म्हणालो आणि पुढे मी इथे. मध्ये रात्रसुद्धा नाही. मी नव्हतोच."

"मागच्या गुरुवारी हॉटडॉगवर काय काय घातलं होतंस?"

"आठवत नाही."

"मग तो कोणी खाल्ला?"

वेंडेलने डोळे बारीक केले. वाद घालायला मिळाला की त्याचा रंग सुधारायचा. "ठीक आहे. समज, काही नळ्या चालू राहिल्या. थोड्या इकडे, थोड्या तिकडे. म्हणजे मी अर्धवट होतो आणि नव्हतोही. वा! अगं, हे तर माझ्या सिद्धांतात छान बसतं! उलट हाच पुरावा!"

ओफेलिया खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "हात हलला नसता तर?"

"तर नळ्या बंद. सिद्धांत बरोबर."

"हलला तर?"

"नळ्या अर्ध्या चालू. सिद्धांत बरोबर."

"मग मास्तर, काय झालं असतं म्हणजे तो चूक ठरला असता?"

वेंडेलने सलाईनची बाटली पाहिली. मग म्हणाला, "आणि तुझा आकडा? तो काय म्हणत होता?"

"म्हणत होता, घरात कोणी नाही."

"पण दारावर थाप मारल्यावर आतून उत्तर आलं. मग तुमचं ते यंत्र काय मोजतंय इतकी वर्षं?"

दुपारभर ओफेलियाच्या मनात हेच होतं. इतकी माणसं झोपवली. त्यांच्या उशाशी बसून डनीसशी सुट्टीच्या, घटस्फोटाच्या, छप्पर दुरुस्तीच्या गप्पा मारल्या. कोणाकोणाच्या आत कोणी जागं होतं? आणि उठल्यावर त्याचं त्यालाच ठाऊक नसेल, तर विचारायचं कोणाला?

"आणखी एक प्रश्न विचारला होता," ती म्हणाली. "तमाल्यांचा."

वेंडेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मग?"

"एकदा दाबलास."

"बघ!" तो एवढ्या जोरात म्हणाला की टाक्यांवर हात ठेवून कण्हला. "बघ, म्हणजे उचकीच! मला तमाले आवडतात. आवडतात म्हणजे काय, जीव आहे माझा त्यांच्यावर. उत्तर चुकलं, म्हणजे आत कोणी नव्हतं. विषय संपला."

ओफेलिया त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आकडे फसवतात हे तिला आजच कळलं होतं, पण हा चेहरा तिला गेली कित्येक वर्षं वाचता येत होता.

चायोला ही गोष्ट तिने सांगितली नाही. डनीसने सांगितली, चर्चच्या पायऱ्यांवर, मोठ्या आनंदाने.

"नाही म्हणाला?" चायोने घरी येऊन पिशवी टेबलावर आपटली. "आत्मा खोटं बोलत नाही, ओफेलिया."

"ताई, तो म्हणतो ती उचकी होती."

"उचकी त्याची आणि अपमान माझा."

"मग रविवारी त्याला बोलावायचं नाही का?"

"बोलावायचं तर. आजारी माणूस आहे. पण मी बोलणार नाही." आणि त्या रविवारी तिने शब्द न काढता त्याच्या ताटात आणखी दोन तमाले वाढले. वेंडेलने ते शेवटच्या कणापर्यंत खाल्ले, आणि पुन्हा पुन्हा वा वा केलं. ओफेलियाला पाहवेना.

संमेलनाचा दिवस आला. हॉटेलबाहेर पालोवेर्देची झाडं पिवळी धमक फुलली होती आणि सगळा जमाव शिंकत होता. दारात एक इसम मेंदूच्या लहरी जुळवणारी टोपी विकत होता; त्याची स्वतःची सारखी खाली घसरत होती. चायो येणार नाही म्हणाली होती, पण ठेवणीतला निळा ड्रेस घालून दुसऱ्या रांगेत ओफेलियाच्या शेजारी येऊन बसली. "बघू तरी, काय खोटं बोलतो ते."

वेंडेल व्यासपीठावर आला. मागच्या पडद्यावर त्याच्या नळ्यांचं चित्र होतं. त्याने ते पाहिलं आणि बंद करायला सांगितलं.

"मी तुम्हाला माझ्या पित्ताशयाबद्दल सांगणार आहे," तो म्हणाला, आणि सगळी गोष्ट सांगितली. हाताची, पट्ट्याची, आकड्याची. सभागृह कान देऊन ऐकत होतं.

पुढच्या रांगेतले मेंदूचे एक डॉक्टर म्हणाले, "प्रतिक्षिप्त क्रिया. दुसरं काही नाही."

"मीही तेच म्हणालो," वेंडेल म्हणाला. "पण एक प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर हात धरणारीला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, उत्तर 'हो' आहे. हाताने सांगितलं, 'नाही'. ते खरं होतं की खोटं, हे या जगात एकच माणूस सांगू शकतो, आणि शुद्धीवर आल्याबरोबर तो खोटं बोलला." त्याने चष्मा काढून पुसला. "त्याला आपला सिद्धांत वाचवायचा होता. आणि एका बाईंचं मन मोडायचं नव्हतं. दोन्ही कारणं एकाच बाजूला असली की माणूस किती पटकन खोटं बोलतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. प्रश्न होता, चायोचे तमाले आवडतात का. हाताने खरं सांगितलं."

सभागृहात खसखस पिकली. ओफेलियाने शेजारी पाहायची हिंमत केली नाही. चायो उभी राहिली होती.

"मग दर रविवारी जेवताना डोळ्यांत पाणी यायचं, ते?" तिने तिथूनच विचारलं. "मला वाटायचं, हेलनची आठवण येते. म्हणून मी आणखी वाढायची!"

"मिरची," वेंडेल म्हणाला. "चायो, मी नेब्रास्काचा. आमच्याकडे मिरी टाकली तरी शेजारी चौकशीला येतात."

हशा एवढा उसळला की टोपीवाला दारातून आत डोकावला. वेंडेल हात वर करून थांबला होता. हशा ओसरल्यावर तो हळू म्हणाला, "आत कोणीतरी होतं. तुम्हाला आवडो न आवडो, मी तेवढं आता मान्य करतो. ते कोण होतं, मला सांगता येत नाही. तो मीच असेन तर माझी आणि त्याची ओळख नाही. मी साक्षीदार म्हणून इथे उभा आहे आणि माझ्याकडे साक्ष नाही. नळ्यांबद्दल मी अजून विचार करणार आहे, त्या मी सोडलेल्या नाहीत. पण काय घडलं तर मी चूक ठरेन, हे जोवर मला सांगता येत नाही, तोवर त्याला सिद्धांत म्हणायचं बंद. आवड म्हणू. नमस्कार."

टाळ्या फार नव्हत्या. काशाची थाळी वाजवणाऱ्याने मात्र एक लांबलचक ठोका दिला. परतीच्या वाटेवर तिघं एकाच गाडीत होती आणि चायो खिडकीबाहेर बघत होती.

"इतकी वर्षं गिळत होतास," ती शेवटी म्हणाली. "का रे बाबा?"

"तू करायचीस म्हणून," वेंडेल मागच्या सीटवरून म्हणाला.

रविवारी चायोने त्याच्यासमोर उकडलेल्या बटाट्यांची बशी ठेवली. मीठसुद्धा नाही. "घे. पांढरं जेवण." वेंडेलने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि एवढ्या सुखाने सुस्कारा टाकला की चायोला राग धरून ठेवता आला नाही. ती ओट्याकडे तोंड करून हसली, ते ओफेलियाला तिच्या खांद्यांवरून कळलं.

ओफेलियाच्या कामात मात्र त्यानंतर एक फरक पडला. सोमवारी टेबलावर एक ट्रकचालक होता, हर्नियाचा. भूल चढली, आकडा खाली आला. ओफेलिया त्याच्या उशाशी वाकली आणि बोलायला लागली. "सगळं ठीक चाललंय हं. आता पोट साफ करताहेत, गार लागेल. तुमची बायको बाहेर बसली आहे, तिने कॉफी घेतली आहे."

डॉक्टर ग्रॅडीने मान वर केली. "कोणाशी बोलतेयस?"

"यांच्याशी."

"ते झोपलेत, ओफेलिया. आकडा बघ."

"बघितला." ती पुन्हा वाकली. "हे डॉक्टर ग्रॅडी. जरा चिडके आहेत, पण हात चांगला आहे."

डनीस खोकल्यासारखं काहीतरी करून भिंतीकडे वळली. ग्रॅडीला ऑपरेशन करताना पेशंटच्या पोटाच्या घेरावर विनोद करायची सवय होती, आणि या ट्रकचालकाचा घेर चांगलाच मोठा होता. त्याने एक विनोद जुळवलाही होता, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण त्याने एकदा पेशंटच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा ओफेलियाकडे, आणि घसा खाकरला.

"नमस्कार," तो ट्रकचालकाच्या पोटाला उद्देशून अवघडल्यासारखा म्हणाला. "सुरू करतो हं."